नियम पाठ आहेत, अंतराचं काय?

पिवळा दिवा लागला की काय करायचं, हे शहरातल्या कुठल्याही वाहनचालकाला विचारा. ‘थांबायचं’, असं तो चटकन सांगेल. आता पुण्यात डेक्कनला किंवा स्वारगेटला दहा मिनिटं उभे राहा. पिवळा लागला की बहुतेक गाड्यांचा वेग वाढतो! सुरक्षित थांबता येणार नाही इतकं जवळ आलेल्यानंच पुढे जावं, असा नियम आहे. म्हणून चालकाची समज जोखायची तर प्रश्न विचारून भागत नाही, तो काय करतो ते पाहावं लागतं.

हेल्मेटचंच घ्या. सक्तीला पुण्यात किती विरोध झाला, ते सर्वांना ठाऊक आहे. मला खटकतो तो हेल्मेट घालणाऱ्यांचा सुटा पट्टा. पट्टा बांधला नसेल, तर पडताना हेल्मेट डोक्यावरून निघून जातं. म्हणजे ते दंडापुरतंच घातलेलं! २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांत हेल्मेट न घातलेले दुचाकीवरचे लोक, चालक आणि मागे बसलेले मिळून, सुमारे ५० हजार होते.

पण सर्वांत कच्चा विषय आहे अंतराचा. ताशी ४० किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. समोर मूल आलेलं दिसणं आणि पाय ब्रेकवर पडणं, यांत साधारण एक सेकंद जातोच. तेवढ्यात ११ मीटर संपले. ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर आणखी नऊएक मीटर. एकूण वीस. वेग ६० केला तर? दीडपट वेग, म्हणून तीस मीटर, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात लागतात छत्तीस-सदतीस. कारण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं. पहिल्या पावसात, रस्त्यावर तेल-मातीचा राडा असताना, ते किती होत असेल! आणि आपण चालतो कसे? पुढच्या बसच्या मागे जेमतेम पाच-सहा मीटरवर. जागा सोडली की कुणीतरी मध्ये घुसतो, ही तक्रार मात्र खरी आहे.

शिकाऊ परवान्यासाठी खुणा ओळखायला लावतात, ते योग्यच. तिथे हाही प्रश्न हवा: साठच्या वेगातली गाडी किती मीटरवर थांबेल? आज घरात गाडी चालवणाऱ्यांना विचारून पाहा. मी ज्यांना विचारलं, त्यांतले बहुतेक दहा मीटरच्या पुढे गेले नाहीत.