टर्बो ट्रकचा धुराचा पाईप किती इंची असावा?

डिझेल ट्रकचे इंजिन, टायर आणि इंधन यांचा मालक जितका विचार करतो, तितका धुराच्या पाईपचा करीत नाही. पाईप गंजला की गॅरेजमध्ये हाताशी असेल त्या व्यासाचा तुकडा जोडला जातो, किंवा ‘जितका मोठा तितका चांगला’ या समजुतीने जाडजूड पाईप बसविला जातो. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात या निवडीचा परिणाम ओढ, डिझेलचा खप आणि धूर या तिन्हींवर होतो.

दाबाचा फरक महत्त्वाचा

टर्बोची कल्पना जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी तिचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर टर्बाइन फिरते आणि त्याच दांड्यावरील कॉम्प्रेसर इंजिनात जादा हवा कोंबतो. टर्बाइनला जोर मिळतो तो तिच्या अलीकडील आणि पलीकडील दाबाच्या फरकातून. पुढचा पाईप अरुंद असेल तर पलीकडचा दाब वाढतो, फरक घटतो, टर्बो उशिरा वेग घेतो आणि हवा कमी पडते. तेवढ्याच डिझेलला पुरेशी हवा न मिळाल्याने काळा धूर निघतो व वायूंचे तापमान वाढते. घाटात भरलेला ट्रक चढत असताना हे तापमान टर्बो व व्हॉल्व्ह यांच्या जिवावर बेतू शकते.

‘इंजिनाला थोडा उलटा दाब हवाच’ हा समज टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनांच्या अनुभवातून आला आहे. तेथे वायूंच्या लहरी सिलिंडर रिकामा करण्यास मदत करतात. त्यासाठी लागतो तो योग्य वेग, दाब नव्हे. टर्बो इंजिनात या लहरींचा जोर बहुतांशी टर्बाइनमध्येच खर्ची पडतो.

इंचांचा हिशेब

मिनिटाला २,५०० फेरे घेणारे सहा लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन दर मिनिटाला ७,५०० लिटर हवा घेते. टर्बोमुळे हवेची घनता दुप्पट झाली, तर ती साध्या १५ हजार लिटरइतकी भरते. सुमारे ४०० अंश सेल्सिअसला तीच फुगून ३३ हजार लिटरच्या आसपास जाते. ढोबळमानाने पाहता हे वायू ३ इंची पाईपमधून सेकंदाला १२० मीटर, ४ इंचीतून ६८ मीटर, तर ५ इंचीतून ४३ मीटर वेगाने धावतात.

घर्षणामुळे होणारी दाबाची हानी व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ३ इंची पाईपमधील हानी १०० मानली, तर ४ इंचीत ती २४ आणि ५ इंचीत ८ उरते. पहिला इंच ७६ वाचवितो, दुसरा केवळ १६. याचा अर्थ, एका मर्यादेपुढे व्यास वाढविण्यातून फारसे काही हाती लागत नाही. वजन, आवाज व जागेची अडचण मात्र वाढते.

व्यासाइतकीच वळणेही महत्त्वाची. वाकविताना चेपलेला ४ इंची पाईप प्रत्यक्षात त्याहून अरुंद ठरतो. म्हणून मोजमाप आतील व्यासाचे घ्यावे, वळणे कमी व रुंद ठेवावीत आणि सांधे गळत नाहीत याची खात्री करावी.

नव्या ट्रकची गोष्ट वेगळी

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांनंतर पाईप ही केवळ नळी राहिलेली नाही. काजळी अडविणारा फिल्टर आणि युरियाच्या साहाय्याने नायट्रोजन ऑक्साइड घटविणारी यंत्रणा त्यातच असते. ही यंत्रणा नीट चालण्यास साधारण २०० अंशांहून अधिक तापमान लागते. पाईप बदलला की तापमान व सेन्सरचे गणित बिघडते. फिल्टर काढून सरळ पाईप टाकणे म्हणजे शहराच्या हवेत काजळी सोडणे होय. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर नेणाऱ्या बदलांना मनाई करते.

त्यामुळे मालकाचा मार्ग सोपा आहे. इंजिन मूळ क्षमतेचेच असेल तर उत्पादकाने दिलेलाच व्यास ठेवावा. धूर वाढला किंवा ओढ कमी झाली, तर आधी एअर फिल्टर, टर्बोच्या नळ्या व इंजेक्टर तपासावेत. त्यानंतर पूर्ण भारावर टर्बोच्या पुढील दाब मोजून तो उत्पादकाच्या मर्यादेत आहे का, हे पाहावे. दाब मर्यादेत असेल, तर दोष पाईपच्या इंचांत नसून अन्यत्र आहे.