आधी माणसं, मग वारा, मग हरीण

अमेरिकेत रानातलं हरीण ज्याच्या शेतात चरतं त्या शेतकऱ्याचं नसतं. ते राज्यातल्या सगळ्या जनतेचं, आणि जनतेच्या वतीने त्याची राखण सरकारने करायची. सुप्रीम कोर्टाने १८९६ साली गीअर विरुद्ध कनेक्टिकट या खटल्यात हे तत्त्व उचलून धरलं. पुढे त्या निकालातला काही भाग बाद झाला, पण तत्त्व टिकलं. गोम वेगळीच आहे. हरीण सगळ्यांचं असलं तरी त्याच्या पायाखालची जमीन बहुतेक वेळा कुणाची तरी खाजगी असते, आणि मालकाच्या परवानगीवाचून तिथे पाऊल टाकता येत नाही. ज्याच्याकडे शेत नाही, शेत भाड्याने घेण्याची ऐपत नाही आणि गाइडचे पैसे तर त्याहून परवडत नाहीत, त्याने सरकारी जमीन गाठायची. अशा जमिनीवर, तीही परराज्यातली, कुणाची मदत न घेता धनुष्यबाणाने हरीण मारायला दर शरदात कितीतरी लोक घर सोडतात. त्यांतले एक आमचे शेजारी. डेट्रॉइटच्या एका कारखान्यातून टूलमेकर म्हणून निवृत्त झालेले, मोजमापाचे पक्के.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार हा गुन्हा आहे. त्यामुळे शिकारीची तयारी म्हटलं की आपल्याला आठवतात ते संस्थानिक, हाकारे आणि मेलेल्या वाघावर पाय ठेवून काढलेले फोटो. शेजाऱ्यांची तयारी चालते स्वयंपाकघरातल्या टेबलावर. लॅपटॉप, नियमांची पुस्तिका, कॉफीचा डाग पडलेली वही. मी कधी धनुष्य हातात धरलेलं नाही, पण नकाशे वाचण्याची खोड जुनी आहे. तेवढ्या भांडवलावर मला त्या टेबलाशी जागा मिळाली, आणि नंतर गाडीतही.

मिशिगनमध्ये हरणं कमी आहेत का? मुळीच नाहीत. पण इथे शिकारीही अमाप. १५ नोव्हेंबरला बंदुकीचा हंगाम उघडतो आणि तो दिवस गावोगाव सणासारखा पाळला जातो. नर हरीण मोठं व्हायच्या आत कुणाच्या तरी फ्रीझरमध्ये पोचतं, ही इथली जुनी तक्रार. म्हणून नजर पश्चिमेकडे वळते. आयोवात शिंगांचे भारे मोठे, पण परराज्यातल्यांसाठी नर-मादी दोन्हीला चालणारे परवाने फक्त ६,०००, आणि तेही सोडतीने. अर्ज मे महिन्यात करायचा, नंबर लागला नाही तर एक गुण पदरात पाडून पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत. मागणी असलेल्या विभागांत तीन-चार वर्षं सहज जातात. कॅन्ससचीही सोडत, तिचा अर्ज एप्रिलमध्ये. मिझुरी आणि ओहायोत मात्र पैसे भरले की परवाना हातात. शेजारी आयोवाचे गुण साठवत बसतात आणि दरम्यान मिझुरीला जातात. वयाच्या सत्तरीत सोडतीची वाट पाहत बसणं हिशेबात बसत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते पटण्यासारखं आहे.

मिझुरीचा धनुष्यबाणाचा हंगाम १५ सप्टेंबरला सुरू होतो, नोव्हेंबरच्या मध्याला बंदुकीसाठी थांबतो आणि नंतर १५ जानेवारीपर्यंत चालतो. शेजाऱ्यांना हवा असतो तो बंदुका बाहेर पडण्याच्या आधीचा आठवडा. या सुमारास माद्या माजावर येऊ लागतात आणि एरवी रात्रीच हिंडणारे नर भर दुपारी माग काढत फिरतात. हा काळ थंडीवर ठरत नाही, दिवसाच्या लांबीवर ठरतो. मादीची गर्भावस्था सुमारे २०० दिवसांची असते, पाडस मे-जूनच्या हिरवाईत जन्मावं म्हणून ही वेळ वर्षानुवर्षं तीच राहते. त्यामुळे रजा वर्षभर आधी टाकता येते. निसर्गाच्या कामात इतकी वक्तशीर गोष्ट मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

पुस्तिका वाचणं हे कंटाळवाणं काम, पण सगळं पाणी तिथेच मुरतं. चारा टाकून हरीण बोलावणं मिझुरीत बेकायदा. काही काउंट्यांमध्ये नराच्या एका बाजूच्या शिंगाला किमान चार टोकं हवीत, शेजारच्या काउंटीत ती अट नाही. राज्याच्या कॉन्झर्वेशन एरियात झाडाला खिळा किंवा स्क्रूची पायरी ठोकायची नाही, मचाण पट्ट्यांनी बांधायचं आणि त्यावर आपलं नाव-पत्ता किंवा ओळख क्रमांक लावायचा. आणि जांभळा रंग. झाडाच्या खोडावर किंवा खांबावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला की ती ‘आत येऊ नये’ची पाटी समजायची, असा मिझुरीत १९९३पासून कायदा आहे. पाट्या चोरीला जातात, रंग जात नाही.

मग नकाशा. फोनवरच्या ऑनएक्ससारख्या ॲपमध्ये कुठली जमीन कुणाची, याच्या रेषा उपग्रहाच्या चित्रावर आखलेल्या दिसतात. मला वाटलं होतं, आता हरणाच्या वाटा शोधायच्या. शेजाऱ्यांनी आधी पार्किंगच्या जागा शोधल्या. प्रत्येक पार्किंगपासून माणसं कुठे जातील, हे त्यांनी पेन्सिलने छापील नकाशावर काढलं. जंगलातली जुनी गाडीवाट, धरणाचा बांध, शेताची कड. जिकडे चालणं सोपं तिकडे माणूस जाणार. मग म्हणाले, “आता उरलेली जागा बघ.”

पूर्वी युक्ती सोपी होती, गाडीपासून लांब जायचं, कारण बहुतेक लोक फार चालत नाहीत. आता प्रत्येकाच्या खिशात तोच नकाशा आहे आणि प्रत्येकजण तोच लांबचा कोपरा शोधतो. त्यामुळे तिथे गर्दी, आणि पार्किंगच्या पाठीमागे शंभर पावलांवरची झुडपांची पट्टी मोकळी. शेजाऱ्यांनी नकाशावर ज्या जागांना गोल केले, त्यांतली एक रस्त्याला इतकी लगटून होती की ट्रकचा आवाज येईल. दुसरीच्या वाटेत कमरेएवढ्या पाण्याचा ओढा होता, म्हणजे रबरी वेडर्स घातल्याशिवाय तिथे पोचता येत नाही. सरकारी जमिनीवर हरीण माणसांना चुकवतं, म्हणून हरणाचा पत्ता माणसांकडूनच काढावा लागतो. मला या सगळ्या खटाटोपात खरी बुद्धी इथे दिसली. बाकीचं बरंचसं सामान विकत मिळतं.

हद्दीचंही असंच. बाण लागलेलं हरीण पळतं, आणि कुंपण ओलांडून गेलं तर मालकाच्या परवानगीशिवाय मागे जाता येत नाही. म्हणून खाजगी जमिनीला चिकटलेली जागा कितीही मोहाची असली तरी शेजारी ती खोडून टाकतात, नाहीतर आधी जाऊन त्या शेतकऱ्याचं दार ठोठावतात. रात्री नऊला रक्ताळलेल्या हातांनी अनोळखी माणसाची बेल वाजवण्यापेक्षा दुपारी टोपी काढून बोललेलं बरं.

धनुष्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण आपल्या मनातलं धनुष्य रामायणातलं असतं. शेजाऱ्यांचं आहे कंपाउंड बो, दोन्ही टोकांना चाकं असलेलं. याचं पेटंट मिझुरीच्याच हॉलिस विल्बर ॲलन यांनी १९६६मध्ये मागितलं आणि १९६९मध्ये त्यांना मिळालं. प्रत्यंचा ओढताना ६० पौंडांचा जोर लागतो, पण पूर्ण मागे आली की लंबगोल चाकं भार उचलतात आणि हातावर १२ पौंडच उरतात. म्हणून नेम धरून काही क्षण थांबता येतं. या छंदाची जुनी मुळं मात्र निराळीच आहेत. १९११ साली कॅलिफोर्नियात याही जमातीचा शेवटचा माणूस इशी एकटाच रानातून बाहेर आला. विद्यापीठातले सर्जन सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले आणि १९२३मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. आज अमेरिकेत धनुष्याने मारलेल्या मोठ्या प्राण्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था पोप आणि त्यांचे साथीदार आर्थर यंग यांच्या नावाने चालते. इशीच्या नावाने चालत नाही.

बाण सेकंदाला २८० फूट जातो, आवाज सुमारे ११०० फूट. २० यार्डांवरच्या हरणाला प्रत्यंचेचा आवाज बाणाच्या आधी सेकंदाचा सहावा भाग तरी पोचतो. तेवढ्यात ते उडी घेण्यासाठी खाली बसतं आणि बाण पाठीवरून निघून जातो. म्हणून शेजारी वीस-पंचवीस यार्डांच्या पुढे बाण सोडत नाहीत, जरी अंगणातल्या फोमच्या ठोकळ्यावर ते पन्नासवरूनही मुठीएवढ्या जागेत बाण बसवतात.

वाऱ्याचा विषय मी नकाशावर वाचला होता, समजला प्रत्यक्षात. शेजाऱ्यांच्या खिशात कॅमेऱ्याच्या रोलची जुनी डबी असते. तिच्यात मिल्कवीडचा कापूस, रस्त्याकडेच्या शेंगांमधून गोळा केलेला. मिल्कवीड ही आपल्या रुईच्याच कुळातली वनस्पती, आणि लहानपणी आपण ज्या ‘म्हाताऱ्या’ फुंकून उडवल्या तशाच याच्या म्हाताऱ्या. मचाणावरून त्यांनी एक सोडली. ती आधी सरळ पश्चिमेकडे, म्हणजे हवामानाच्या ॲपने सांगितलं तिकडे गेली. वीसेक फुटांवर थबकली, खाली उतरली आणि ओढ्याच्या घळीत शिरून उलट दिशेने वाहू लागली. संध्याकाळी गार हवा उतारावरून खाली घसरते, सकाळी ऊन पडलं की वर चढते. ॲपमधला बाण डोंगरावरचा वारा दाखवतो, घळीतला दाखवत नाही. हरीण घळीतून येणार होतं. शेजाऱ्यांनी काही न बोलता मचाण सोडवलं आणि घळीच्या दुसऱ्या अंगाच्या ओकवर बांधलं. चढताना-उतरताना कमरेचा पट्टा झाडाभोवती, वर पोचलं की छाती-मांड्यांचा हार्नेस. या छंदात लोक बाणाने क्वचित जखमी होतात, झाडावरून पडून जास्त.

शिंगवाला नर आला, पण झुडपांच्या पलीकडून आला आणि तसाच निघून गेला. सुटी संपत आली तेव्हा एक मोठी मादी ओकची बोंडं वेचत अठरा यार्डांवर आडवी उभी राहिली. परवाना नर-मादी दोघांना चालतो. पुढच्या पायाच्या मागे बाण लागला, ती पळाली आणि झाडीत दिसेनाशी झाली. मी लगेच उतरायला निघालो तर शेजाऱ्यांनी हातानेच थांबवलं. बाण आरपार जाऊन मातीत रुतला होता. त्यावरचं रक्त तांबूस-गुलाबी, बारीक बुडबुडे असलेलं, म्हणजे फुप्फुस. अर्धा तास थांबायचं. रक्त काळपट असतं तर यकृत, मग चार तास. हिरवट घाण आणि दर्प असता तर आतडं, मग रात्रभर. घाई करून उठवलेलं जनावर मैलभर जातं आणि वाया जातं. आमची मादी ऐंशी पावलांवर पडलेली सापडली. मला वाईट वाटलं. शेजाऱ्यांनाही वाटलं असावं. त्यांनी टोपी काढून तिच्या मानेवर थोडा वेळ हात ठेवला. मग परवान्यावर खूण करून ते कामाला लागले.

मिझुरीत मारलेल्या हरणाची नोंद त्याच दिवशी रात्री दहाच्या आत फोनवर करावी लागते. घरी न्यायचं तर आणखी एक अडचण. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा असाध्य रोग प्रथम १९६७मध्ये कोलोरॅडोत लक्षात आला आणि आता अनेक राज्यांत पसरला आहे. त्याचे प्रायॉन मेंदू, पाठीचा कणा आणि लसिकाग्रंथींमध्ये साठतात, म्हणून मिशिगनमध्ये बाहेरचं हरीण अख्खं आणता येत नाही; हाडं काढलेलं मांस आणता येतं. मोटेलच्या मागे, गाडीच्या उघड्या दारावर टॉर्च टांगून, शेजाऱ्यांनी टूलमेकरच्या हाताने चाळीसेक पौंड मांस सोडवलं आणि बर्फाच्या पेट्यांत भरलं. ग्रंथींचा नमुना तपासणीला दिला.

परवाना, पेट्रोल, मोटेल आणि बर्फ धरलं तर हे मांस बाजारातल्या उत्तम मटणाच्या कितीतरी पट महाग पडतं, आणि ते विकता येत नाही. रानातल्या हरणाचं मांस विकणं गुन्हा आहे, देऊन टाकता येतं. धनुष्यांवर मात्र ११ टक्के केंद्रीय कर आहे, १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याचा, धनुष्यांना १९७०च्या दशकात लागू झालेला. तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाच लाखांच्या आत आलेली व्हाइटटेल हरणं आज कोटींच्या घरात आहेत, त्यात या पैशाचा वाटा मोठा.

अमेरिकेतल्या कुणा मराठी माणसाला हे करून पाहावंसं वाटलं, तर धनुष्य विकत घेण्याआधी शिकारी-शिक्षणाचा कोर्स करा. बहुतेक राज्यांत प्रमाणपत्राशिवाय परवाना मिळत नाही. आणि मागच्या वर्षीची नियमपुस्तिका कुणी देऊ केली तर घेऊ नका. नियम दरवर्षी बदलतात, आणि वॉर्डन नव्या पुस्तिकेप्रमाणेच दंड करतो.