चार एमबीचा समुद्रकिनारा

कोकणातल्या एखाद्या घरगुती निवासाची वेबसाइट एसटीत बसून मोबाइलवर उघडून पाहा. नाव येतं, फोन नंबर येतो, किनाऱ्याचा फोटो मात्र वरून खाली पट्टीपट्टीने उतरत राहतो. आपण रेंजला बोल लावतो. पण बऱ्याचदा मालकाने मोबाइलवर काढलेला फोटो जसाच्या तसा चढवलेला असतो: 4000 बाय 3000 ठिपके, वजन तीन-चार एमबी. आणि दाखवायचा कुठे, तर तळहाताएवढ्या स्क्रीनवर.

कोणता फॉरमॅट चांगला यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. आधी फोटोची रुंदी कमी करा. 4000 ची 1200 केली की उंची 900 होते आणि सव्वा कोटीच्या आसपासचे ठिपके अकरा लाखांच्या घरात येतात. कॉम्प्रेशनला अजून हातही लागलेला नाही!

ते पुढे होतं, आणि तिथे एका भारतीयाची गाठ पडते. बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी 1972 मध्ये अमेरिकेत एका गणिती पद्धतीच्या संशोधनासाठी अनुदान मागितलं. ते नाकारलं गेलं. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी ती पद्धत 1974 मध्ये प्रसिद्ध केली. 1992 च्या जेपेग मानकाचा पाया तीच. फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात ठळक चढउतार किती, बारीक किती, हे वेगळं काढायचं. बारीक चढउतार डोळ्याला फारसे जाणवत नाहीत, म्हणून त्यांचे आकडे ढोबळ करून टाकायचे. ‘क्वालिटी’ची पट्टी सरकवताना आपण हे ढोबळपणच कमी-जास्त करत असतो. माझ्या मते साध्या फोटोला 75 च्या आसपास पुरे. 100 वर ठेवणं म्हणजे उधळपट्टी.

हे सगळं आता ब्राउझरमध्येच होतं. ब्राउझर फोटो उलगडतो, ‘कॅनव्हास’वर लहान आकारात रंगवतो आणि पुन्हा आवळतो. वेबअसेंब्ली हे तंत्र आल्यापासून तर सी भाषेत लिहिलेले पट्टीचे एन्कोडरही त्यात चालतात. गुगलच्या क्रोम चमूने 2018 मध्ये आणलेलं ‘स्क्वूश’ तसंच आहे: मधली रेघ सरकवायची, एका बाजूला मूळ फोटो, दुसऱ्या बाजूला आवळलेला. जेपेगऐवजी वेबपी किंवा एव्हीआयएफ हा फॉरमॅट निवडून पाहिला तर फाइल बहुतेकदा आणखी उतरते.

फोटो फोनबाहेर जातच नाही, हा मला यातला सर्वांत मोठा फायदा वाटतो. परीक्षेच्या फॉर्मला 50 केबीची अट असते म्हणून आपली मुलं फोटो, सही, कधी आधार कार्डसुद्धा कुठल्याही अनोळखी साइटवर टाकून मोकळी होतात. साइट खरंच फोनवरच काम करते का, याची एक साधी चाचणी आहे. पान पूर्ण उघडलं की विमान मोड लावा, वाय-फायही बंद असल्याची खात्री करा आणि मग फोटो द्या. आवळून मिळाला तर काम तुमच्याच फोनवर झालं. कॅनव्हासमधून गेलेल्या फोटोतली जागेची नोंदही गळून पडते, तेवढंच बरं.

निवासाच्या मेनूकार्डाला मात्र हा न्याय लावू नका. अक्षरांच्या कडांभोवती जेपेगची धूळ जमते. तिथे पीएनजी बरा. आणि मूळ फोटो जपून ठेवा, कारण आवळलेला पुन्हा आवळला की दर वेळी थोडा आणखी बिघडतो.