विश्लेषण : महिनोन्‌महिने न हटणारी सर्दी… 'रायनोस्क्लेरोमा' नेमका काय आहे?

सर्दी झाली की आपण वाफ घेतो, मेडिकलमधून गोळी आणतो आणि आठवडाभरात विसरून जातो. पण नाक महिनोन्‌महिने चोंदलेलेच राहिले, दुर्गंधी येऊ लागली, आत खपल्या धरू लागल्या तर? बहुतेकदा कारण ॲलर्जी, सायनस किंवा 'नाकाचे वाढलेले हाड' असते. क्वचित मात्र त्यामागे रायनोस्क्लेरोमा हा चिवट जिवाणूसंसर्ग असू शकतो.

कशामुळे होतो?

न्यूमोनियाला कारणीभूत ठरणाऱ्या क्लेबसिएला जिवाणूचाच 'रायनोस्क्लेरोमॅटिस' हा उपप्रकार याचे कारण. शरीरातील रक्षक पेशी त्याला गिळतात, पण मारू शकत नाहीत. जिवाणू पेशीतच तळ ठोकतो, पेशी फुगतात आणि त्या जागी गाठी तयार होतात. या फुगलेल्या पेशींना 'मिक्युलिझ पेशी' म्हणतात.

शोध कधी लागला?

व्हिएन्नातील त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८७० मध्ये याचे वर्णन केले. त्यांना ती कर्करोगासारखी गाठ वाटली होती. १८८२ मध्ये अँटोन फॉन फ्रिश यांनी जिवाणू शोधला आणि हा संसर्ग असल्याचे स्पष्ट झाले. मधमाश्यांच्या 'नृत्याचा' अर्थ लावणारे नोबेलविजेते कार्ल फॉन फ्रिश हे त्यांचेच पुत्र.

कुठे आढळतो?

इजिप्त, मध्य अमेरिका, पूर्व युरोपचा काही भाग, आफ्रिका आणि भारतातही. दाटीवाटीची घरे, अस्वच्छता आणि कुपोषण असलेल्या भागांत प्रमाण जास्त असते. तरुण वयात तो अधिक दिसतो. एकदा शिंक अंगावर आली म्हणून सहसा लागण होत नाही. त्यासाठी दीर्घकाळ निकटचा सहवास लागतो.

टप्पे कोणते?

१. सुरुवातीला सर्दीसारखी लक्षणे, दुर्गंधीयुक्त स्राव, खपल्या.
२. नाकात गाठी, रक्त येणे, नाकाचा आकार बदलणे, आवाज बसणे.
३. गाठींच्या जागी कडक व्रण तयार होऊन मार्ग अरुंद होणे.

खरा धोका इथेच आहे. संसर्ग स्वरयंत्र किंवा श्वासनलिकेपर्यंत उतरला तर श्वास कोंडू शकतो. अशा वेळी गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग मोकळा करावा लागतो.

निदान का चुकते?

पहिल्या टप्प्यात ती साधी सर्दी वाटते, दुसऱ्या टप्प्यात क्षयरोग, बुरशीसंसर्ग किंवा कर्करोग. गाठीचा तुकडा काढून केलेली बायोप्सी निर्णायक ठरते. कल्चर तपासणीत अनेक रुग्णांमध्ये जिवाणू सापडतच नाही. त्यामुळे ती निगेटिव्ह आली म्हणजे आजार नाही, असे नव्हे.

उपचार आहेत का?

आहेत. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन यांसारखी प्रतिजैविके काही आठवडे ते महिने घ्यावी लागतात. मार्ग बंद झाला असेल तर शस्त्रक्रिया किंवा लेझरची मदत घेतात. आजार उलटण्याची शक्यता असल्याने नंतरही तपासणी आवश्यक असते. बरे वाटले म्हणून कोर्स अर्धवट सोडणे किंवा स्वतःच्या मनाने प्रतिजैविके घेणे, दोन्ही घातक.

डॉक्टरांकडे कधी जावे?

तीन आठवड्यांहून अधिक काळ नाक चोंदणे, दुर्गंधी, वारंवार रक्त येणे किंवा आवाज बसणे, यापैकी काहीही असल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. श्वास घेताना घरघर होत असेल तर थेट रुग्णालय गाठा. आजार दुर्मीळ आहे, घाबरण्याचे कारण नाही. पण गाठींचे व्रण होण्याआधी निदान झाले तर औषधांवरच भागण्याची शक्यता मोठी असते.