विश्लेषण : जहाजबांधणीच्या ६९,७२५ कोटींचा परभणीशी काय संबंध?

परभणीहून मुंबईचा समुद्र रात्रभराच्या रेल्वेप्रवासावर. तरीही जहाजाचे भाडे वाढले की त्याची झळ मोंढ्यापर्यंत पोहोचू शकते. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि कंटेनरचे भाडे भडकले. कापूस, सूत किंवा सोयाबीन पेंड परदेशी पाठवणारा व्यापारी हा वाढीव खर्च खरेदीच्या भावातून वजा करू पाहतो.

योजना काय आहे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी ६९,७२५ कोटी रुपयांच्या पॅकेजला मंजुरी दिली. त्यात जहाजबांधणी अर्थसाह्यासाठी २४,७३६ कोटी, सागरी विकास निधीसाठी २५,००० कोटी आणि जहाजबांधणी विकासासाठी १९,९८९ कोटी आहेत. अर्थसाह्य योजनेची मुदत मार्च २०३६ पर्यंत आहे.

वेगळा निधी कशासाठी?

जहाज बांधायला मोठे भांडवल लागते आणि ते वसूल व्हायला अनेक वर्षे जातात. एवढ्या मुदतीचे स्वस्त कर्ज आपल्याकडे सहज मिळत नाही. जगातील बहुतांश जहाजे चीन, दक्षिण कोरिया आणि जपान बांधतात; भारताचा वाटा एक टक्काही नाही. त्यामुळे सागरी विकास निधीतील २०,००० कोटी भागभांडवल म्हणून गुंतवले जातील, त्यात केंद्राचा हिस्सा ४९ टक्के असेल. उरलेले ५,००० कोटी कर्जावरील व्याजाचा भार हलका करण्यासाठी आहेत. मोठ्या जहाजांना पायाभूत सुविधांचा दर्जाही मिळाला असल्याने दीर्घ मुदतीचे कर्ज मिळणे सोपे होईल.

भाडे स्वस्त होईल का?

लगेच नाही. भाडे जागतिक बाजारात ठरते, जहाज भारतीय असले तरी. मात्र भारताचा आकारमानाने सुमारे ९५ टक्के व्यापार समुद्रमार्गे होतो आणि त्याच्या भाड्याचा मोठा हिस्सा परदेशी कंपन्यांना जातो. स्वतःची जहाजे असतील तर हा पैसा देशात राहील आणि संकटकाळात दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.

परभणीला काय मिळेल?

पालघरमध्ये ७६,२२० कोटींचे वाढवण बंदर होत आहे. राज्यानेही २०२५ मध्ये जहाजबांधणी व दुरुस्तीचे स्वतंत्र धोरण मंजूर केले. या कामांना वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन लागतील. आयटीआय झालेल्या मराठवाड्यातील तरुणांना ही संधी आहे. पण जहाजकामाचे खास प्रशिक्षण मिळाले तरच.

दुसरा दुवा शेजारच्या जालन्याचा. तेथील ड्रायपोर्ट पूर्ण क्षमतेने चालला तर कंटेनर भरणे आणि सीमाशुल्काची तपासणी जवळच होईल. जहाजे वाढली, पण शेतमाल बंदरापर्यंत नेण्याचा खर्च तेवढाच राहिला, तर हजारो कोटींचा लाभ किनाऱ्यावरच थांबेल.