हांगझोऊचा सामना आणि एका रेषेचा वाद

दि. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धांत भारत व इराण यांच्यामध्ये पुरुषांच्या कबड्डीचा अंतिम सामना झाला. भारताने तो ३३-२९ असा जिंकला. वर्तमानपत्रांच्या दृष्टीने विषय तेथेच संपला. परंतु जेथे कबड्डी केवळ पाहिली जात नाही, तर खेळलीही जाते, तेथे खरी चर्चा त्यानंतरच सुरू झाली. छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेस जळगाव रस्त्यावर वसलेले हर्सूल हे अशांपैकीच एक ठिकाण. पूर्वीचे हे गाव आता शहराला लागून शहराचेच झाले आहे. तरी ज्यांनी बालपणी मातीत हुतुतू खेळला ते वृद्ध, आणि ज्यांनी तोच खेळ दूरचित्रवाणीवर मॅटवर पाहिला ते तरुण, अशा दोन पिढ्या तेथे एकत्र बसतात. साहजिकच मतेही दोन पडली. एक पक्ष म्हणे, 'विजय तो विजय. पंचांनी दिला, आपण घेतला.' दुसरा म्हणे, 'जो विजय तासभर वाद घालून ठरवावा लागतो, त्याची गोडी ती काय?' या दोन्ही मतांचा न्याय करावयाचा, तर प्रथम तो प्रसंग नीट समजून घेतला पाहिजे.

इराणचे आव्हान त्या दिवशी अकस्मात उभे राहिले नव्हते. २०१० साली ग्वांगझो येथे अंतिम सामन्यात भारताने इराणला ३७-२० असे सहज नमविले होते. चारच वर्षांनी, २०१४ साली इंचॉन येथे, तेच अंतर २७-२५ इतके अल्प झाले. २०१८ साली जाकार्ता येथे उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असे हरविले. १९९० साली या स्पर्धांत कबड्डीचा समावेश झाल्यापासून पुरुषांचे सुवर्णपदक सातही वेळा भारताकडेच राहिले होते. ती परंपरा त्या दिवशी खंडित झाली. पाठोपाठ महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणने भारतावर २७-२४ अशी मात केली. त्या विजयी इराणी महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आपली विद्या शिष्याला मनापासून द्यावी आणि शिष्याने ती आपल्याच घरावर आजमावावी, असा हा योग होता.

इराणचे बळ पकडीत आहे. त्या देशात कुस्तीची परंपरा जुनी. त्यामुळे घोटा धरणे, मांडीला विळखा घालणे आणि धरलेला गडी सुटू न देणे या गोष्टी त्यांच्या खेळाडूंच्या अंगी सहज मुरल्या. फजल अत्राचली आणि महंमदरेझा शादलुई हे त्यांचे पकडपटू महाराष्ट्रातील प्रेक्षकांनाही सुपरिचित आहेत. उलट भारताची भिस्त चपळ चढाईवर. कर्णधार पवन सेहरावत, अर्जुन देशवाल, नवीन कुमार यांच्याबरोबर अहिल्यानगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार आणि नाशिकचा आकाश शिंदे हे दोन मराठी चढाईपटूही त्या संघात होते. मध्यंतरास भारत १७-१३ असा पुढे होता. परंतु उत्तरार्धात इराणने अंतर भरून काढले, आणि सामना संपण्यास एक मिनिटाहून किंचित अधिक वेळ उरला असताना गुणफलक २८-२८ असा बरोबरीत आला.

आता चढाई होती पवन सेहरावतची, आणि ती होती निर्वाणीची. एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळविलाच पाहिजे; न मिळाल्यास चढाई करणारा बाद होतो. म्हणजे रिकाम्या हाताने परत येण्याची सोय पवनला नव्हती. तो इराणच्या अंगणात शिरला आणि झटापटीच्या घाईत बाजूच्या राखीव पट्ट्यात, ज्याला लॉबी म्हणतात त्यात, गेला. त्याला रोखण्यासाठी इराणचे बचावपटूही त्याच्यामागे त्या पट्ट्यात उतरले. वादाचे मूळ एवढेच.

हा पट्टा म्हणजे काय, हे ज्यांनी मैदान आखलेले पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगणे अवश्य आहे. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. या रुंदीपैकी दोन्ही कडांचा एकेक मीटर हा राखीव भाग. चढाई करणारा व बचाव करणारा यांचा परस्परांस स्पर्श होईपर्यंत हा भाग मैदानाबाहेरचा समजावयाचा. स्पर्श झाला की तो मैदानात जमा होतो. म्हणजे एकच जमीन, पण एका क्षणी परकी आणि दुसऱ्या क्षणी आपली! स्पर्श न होता पवन त्या पट्ट्यात गेला असेल, तर तो बाद, याविषयी कोणाचेच दुमत नव्हते. प्रश्न होता तो त्याच्यामागे गेलेल्या बचावपटूंचा. जुन्या नियमाप्रमाणे स्पर्शावाचून त्या पट्ट्यात पाऊल टाकणारा प्रत्येक गडी बाद, मग तो चढाईचा असो वा बचावाचा. प्रो कबड्डीत रुळलेल्या सुधारित नियमाप्रमाणे मात्र केवळ चढाई करणारा बाद होतो आणि चढाई तेथेच संपते. मागाहून आलेल्यांना दोष लागत नाही.

जुना नियम लावला, तर इराणला एक गुण आणि भारताला चार. नवा लावला, तर इराणला एक आणि भारताला काहीच नाही. सुवर्णपदकाचे पारडे इकडून तिकडे जाण्यास एवढे पुरेसे होते. निर्णय एकदा दिला गेला, मग फिरविला गेला. दोन्ही संघांचे खेळाडू निषेधार्थ मॅटवर बसले आणि खेळ सुमारे तासभर खोळंबला. अखेर जुना नियम मान्य होऊन भारतास चार व इराणला एक गुण मिळाला. गुणसंख्या ३२-२९ झाली. उरलेल्या वेळात भारताने आणखी एक गुण मिळविला.

डावपेचाच्या दृष्टीने पाहिले, तर बचावपटूची अडचण मोठी आहे. स्पर्श झाला की नाही, हे त्याने निमिषार्धात ठरवावयाचे असते. झाला असूनही तो रेषेवर थांबला, तर चढाई करणारा निसटतो. झाला नसूनही तो धावला, तर जुन्या नियमाप्रमाणे स्वतःच बाद होतो. जुना नियम बचावपटूकडे संयम मागतो. नवा नियम त्याच्या आवेशास क्षमा करतो. दोहोंच्या बाजूने बोलता येते, आणि हर्सूलच्या तरुणांनी नव्याची व वृद्धांनी जुन्याची तरफदारी केली, तर त्यात नवल नाही. ज्याने जो खेळ पाहिला, त्याला तोच न्याय्य वाटावयाचा. परंतु खरा दोष या नियमात किंवा त्या नियमात नसून एकाच खेळास दोन नियम असण्यात आहे.

हे दुखणे कबड्डीला नवे नाही. महाराष्ट्रात हुतुतू, मद्रासकडे चेडुगुडु, बंगालमध्ये हाडुडू अशी या खेळाची नावे निराळी आणि रीतीही निराळ्या होत्या. बाद झालेला गडी पुन्हा जिवंत व्हावा की नाही, यावरूनच संजीवनी, अमर, गनिमी असे प्रकार पडले होते. गावोगावचे गडी समोरासमोर आले, की खेळापेक्षा तंटाच अधिक होई. महाराष्ट्रात आणि १९२३ च्या सुमारास बडोद्यास लेखी नियमांची घडी बसविण्याचे जे प्रयत्न झाले, ते याचसाठी. त्या प्रयत्नांचे फळ म्हणून अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळास १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगी हा खेळ जगापुढे मांडता आला. नियम एक झाला, तेव्हा गावचा खेळ देशाचा झाला. देशाचा खेळ खंडाचा झाला, तोही त्याच बळावर. हांगझोऊ येथे जे घडले, ते जुन्या गावतंट्याचेच मोठ्या मैदानावरील रूप होय.

म्हणून त्या दोन पक्षांना उत्तर द्यावयाचे ते असे. भारताचा विजय खोटा नव्हे, कारण तो मान्य झालेल्या नियमानुसारच लाभला. आणि इराणची तक्रारही पोरकट नव्हे, कारण जो नियम खेळाडूंना हातवळणी पडला होता, तो ऐन वेळी उपयोगी पडला नाही. खेळाडूंनी स्वतः तरी हा वाद मनात धरला नाही. सामन्यानंतर दोनच दिवसांनी प्रो कबड्डीच्या लिलावात पुणेरी पलटणने शादलुईला २ कोटी ३५ लक्ष रुपयांना आपल्याकडे घेतले. अस्लम इनामदार त्याच संघाचा नायक झाला, आणि दि. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून या दोघा प्रतिस्पर्ध्यांनी एकाच संघातून अजिंक्यपद मिळविले.

प्रेक्षकांनी यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. शाळेचा सामना असो की गावच्या मंडळाचा, नाणेफेकीपूर्वी पंचांनी दोन्ही नायकांना बोलावून राखीव क्षेत्राचा कोणता नियम लागू आहे, हे स्पष्ट सांगावे आणि ते सर्व गड्यांच्या कानी जाईल असे पाहावे. त्याला दोन मिनिटे पुरतात. हांगझोऊ येथे ती दोन मिनिटे वाचविण्याची किंमत एक तास पडली.