वातानुकूल यंत्राच्या बाहेरच्या भागाची निगा



होळी झाली कीं विदर्भांत घरोघरीं कूलर झाडूनपुसून निघतो आणि त्याच्या ताट्यांत नवा वाळा किंवा गवत भरलें जातें. ही शिस्त आपल्या अंगवळणीं पडली आहे. परंतु ज्यांच्या घरीं वातानुकूल यंत्र, म्हणजे एसी, आलें आहे, त्यांच्याकडे भिंतीबाहेरच्या त्या पेटीला वर्षानुवर्षें कोणाचा हात लागत नाहीं. मग मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर गेला असतां, ऐन दुपारीं, तें यंत्र थांबतें. घरांत तान्हें मूल किंवा वृद्ध माणूस असेल, तर ही केवळ गैरसोय राहत नाहीं.

हें कां घडतें? वातानुकूल यंत्र थंडी निर्माण करीत नाहीं; तें खोलींतील उष्णता उचलून बाहेर टाकतें. ‘टन’ हें त्याचें मापही बर्फावरून आलें आहे. सुमारें ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळण्यास जितकी उष्णता लागते, तितकी १ टनाचें यंत्र तेवढ्याच वेळांत खोलींतून काढतें. ही सर्व उष्णता, व यंत्रानें घेतलेल्या विजेची उष्णता, बाहेरच्या जाळींतून हवेंत गेली पाहिजे.

ही जाळी म्हणजे धातूच्या नळ्या व त्यांवर दाटीनें बसविलेले कागदासारखे पातळ पत्रे. पंखा मागून व बाजूनें हवा ओढतो आणि समोर फेकतो. बाहेरची हवा ४५ अंश असतां नळ्यांतील वायु ५५ ते ६० अंशांपर्यंत तापतो, तेव्हांच त्याची उष्णता हवेस जाते. हवेची वाट अडली, कीं वायूचा दाब चढतो, वीज अधिक जळते आणि शेवटीं कॉम्प्रेसर स्वतःच्या बचावासाठीं बंद होतो.

वडनेरसारख्या गांवीं ही वाट अडविणारे दोघे आहेत. हिंगणघाट तालुका कापसाचा. हंगामांत गाड्यांतून व जिनिंगमधून उडालेले तंतु पत्र्यांत अडकतात. त्यांवर नागपूर-हैदराबाद महामार्गाची धूळ बसली, कीं घोंगडीसारखा थर होतो. पंख्याची बाजू मात्र स्वच्छ दिसते; मळ असतो तो मागें. म्हणून पाहावें तें मागूनच.

साफसफाईपूर्वीं यंत्राच्या वीजपुरवठ्याचें मुख्य बटन बंद करावें. केवळ रिमोटनें बंद करणें पुरेसें नाहीं. प्रथम कोरड्या, मऊ ब्रशनें, पत्र्यांच्या उभ्या दिशेनें, तंतु काढावे. आडवा हात फिरविल्यास पत्रे वाकतात. मग साध्या पाइपानें, मंद धारेनें, वरून खालीं पाणी सोडावें. गाड्या धुण्याचा जोराचा फवारा किंवा ॲसिड कधींही वापरूं नये. तारा जोडलेल्या भागावर पाणी जाऊं देऊं नये. सर्व वाळल्यावरच यंत्र सुरू करावें. पेटीचें झांकण मात्र उघडूं नये; आंतील कपॅसिटरमध्यें वीज बंद केल्यावरही कांहीं काळ विद्युत् साठून राहते. वरच्या मजल्यावर भिंतीस टांगलेल्या पेटीसाठीं गॅलरींतून वांकूं नये. तें काम कारागिराचें.

पेटीस सावली असावी, पण तिला कोंडूं नये. तिच्या मागें वीतभर तरी जागा मोकळी हवी, आणि समोर कपडे, लाकडें किंवा भिंत नसावी.

थंडावा कमी झाला कीं ‘गॅस संपला’ असें अनेकदां ऐकूं येतें. वस्तुतः हा वायु बंद नळ्यांतच फिरतो. तो वापरल्यानें संपत नाहीं. कमी झालाच असेल तर कोठें तरी गळती आहे, आणि ती न शोधतां पुन्हा गॅस भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें. तेव्हां गॅसचे पैसे देण्याआधीं मागची जाळी पाहावी.

कापसाचा हंगाम सरल्यावर एकदां, वैशाखांतील वावटळींनंतर पुन्हा, इतकें केलें तरी पुष्कळ झालें. ज्या दिवशीं कूलरच्या ताटींत नवा वाळा भरला जातो, त्याच दिवशीं या जाळीलाही अर्धा तास द्यावा.